कडक शोधमोहिमेने देश सुरक्षित होतो का? बांगलादेशी तपासणी प्रत्यक्षात कशी चालते आणि कुठे फसते

प्रश्न थोडक्यात असा होता: मुंबई-ठाण्यात बेकायदा बांगलादेशी नागरिकांविरुद्ध मोहीम सुरू आहे, नवा कायदाही आला आहे. काही जण म्हणतात, हे आधीच व्हायला हवं होतं, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. काही जण म्हणतात, यात पश्चिम बंगालचे गरीब भारतीय मजूर भरडले जातायत. खरं काय? आणि पोलीस एखाद्याला परदेशी ठरवतात ते नेमकं कशावरून?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कडकपणा हवाच, पण तो ओळख पटवण्याच्या कामात हवा. मोहिमेचं यश उचललेल्या माणसांच्या आकड्यावर मोजायला लागलं की एक गोष्ट हमखास घडते. पैसे मोजून व्यवस्थित बनावट कागद घेतलेला घुसखोर सुटतो आणि अस्सल पण विस्कळीत कागद असलेला भारतीय अडकतो. यातली पहिली चूक सुरक्षेला घातक आहे आणि दुसरी आपल्याच नागरिकावर अन्याय आहे. दोन्ही एकाच कारणातून होतात.

आधी कायदा. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५’ लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० सालचे चार जुने कायदे रद्द झाले. त्याआधीच्या एफआयआरमध्ये हमखास दिसणारी कलमं म्हणजे पासपोर्ट (भारतात प्रवेश) नियम १९५० चे नियम ३ व ६ आणि परकीय नागरिक कायद्याचं कलम १४. नव्या कायद्यात वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेशाला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरला तर कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं, शिवाय १ ते १० लाख दंड. व्हिसाची मुदत संपूनही राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेड कॉन्स्टेबल आणि त्यावरच्या दर्जाचा पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो.

इथे एक चूक होण्याचा धोका आहे. दहा वर्षांपूर्वी सीमा ओलांडलेल्या माणसावर आज गुन्हा नोंदवताना प्रवेशाच्या गुन्ह्यालाही नव्या कायद्याचं कलम लावलं जाऊ शकतं. घटनेच्या अनुच्छेद २०(१) प्रमाणे गुन्हा घडला तेव्हा असलेल्या शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. त्यामुळे प्रवेशाची अंदाजे तारीख पंचनाम्यात आणि जबाबात नीट आली पाहिजे. ती नसेल तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो आणि चांगला खटलाही ढिला पडतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी. आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच दाखवायचं, ही तरतूद जुन्या कायद्याच्या कलम ९ मध्ये होती आणि नव्या कायद्यातही आहे. पोलिसांच्या बाजूने हे मोठंच हत्यार. पण त्याला मर्यादा आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२४ रोजी आसाममधल्या रहीम अली प्रकरणात स्पष्ट केली. कुणाच्याही दारावर जाऊन ‘तू परदेशी आहेस, नाहीस ते सिद्ध कर’ असं म्हणता येणार नाही. संशयाला आधी काहीतरी ठोस आधार लागतो, आणि तो आधार त्या माणसाला सांगावा लागतो. कागदांतल्या नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखांमधल्या किरकोळ फरकावरून नागरिकत्व नाकारता येत नाही, हेही याच निकालात आहे. पोलीस ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याने हा निकाल एकदा वाचला तर पुढची निम्मी भांडणं टळतील.

आता गाभ्याचा भाग: जन्माने भारतीय कोण? नागरिकत्व कायद्याचं कलम ३ तीन काळ वेगळे करतं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस भारतीय. आई-वडील कोण होते हे सर्वसाधारणपणे बघायची गरज नाही. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेला असेल तर जन्म भारतात झाल्याचं दाखवायचं आणि आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय असल्याचंही. ३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतर जन्म असेल तर दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रत्येकाकडून मागायचे कागद वेगळे. १९८० साली पश्चिम बंगालमधल्या मालद्यात जन्मलेल्या गवंड्याकडे बापाचे कागद मागण्यात अर्थ नाही, त्याचा स्वतःचा जन्म भारतात झाल्याचा पुरावा पुरेसा आहे. १९९५ च्या मुलाकडे दोन कड्या लागतात: त्याचा जन्म, आणि आई किंवा बापाचं नागरिकत्व. २००६ च्या मुलाच्या बाबतीत आई-बाप दोघांचे कागद बघावे लागतात. प्रत्यक्षात मात्र सगळ्यांना एकच यादी दिली जाते: ‘आधार, पॅन, जन्मदाखला, पासपोर्ट घेऊन या.’ यातले पहिले दोन नागरिकत्वाचे पुरावेच नाहीत, तिसरा खेड्यात जन्मलेल्या जुन्या माणसाकडे सहसा नसतो आणि चौथा असता तर बहुधा प्रश्नच आला नसता.

आधारबद्दल लोकांचा फार गोंधळ आहे. आधार रहिवाशाला मिळतं. नोंदणीआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूसही पात्र ठरू शकतो. आधार क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही हे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाणे शहरातल्या एका जामीन प्रकरणात हेच म्हटलं: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हातात असणं म्हणजे नागरिक असणं नव्हे. ही कागदपत्रं ओळख पटवायला आणि सेवा घ्यायला आहेत.

मग घुसखोराकडे हे कागद येतात कसे? एका झटक्यात येत नाहीत, साखळीने येतात. पहिली कडी बनावट किंवा दुसऱ्याच्या नावाची असते: शाळा सोडल्याचा दाखला, ग्रामपंचायतीचा वास्तव्याचा दाखला, किंवा लोकप्रतिनिधीच्या सहीचं ओळखीचं पत्र. त्यावर आधार. आधारवर पॅन, पॅनवर बँक खातं आणि सिमकार्ड. भाडेकरार झाला की पत्ता महाराष्ट्रातला होतो. मग मतदार यादी. शेवटी पासपोर्ट. पहिल्या कडीनंतरचे सगळे कागद खऱ्या कार्यालयांतून, खऱ्या शिक्क्यांनिशी निघालेले असतात, म्हणून ते पडताळले की ‘बरोबर’ असंच उत्तर येतं. तपास अधिकारी आधार खरं आहे की नाही एवढंच तपासून थांबला तर तो साखळीच्या चुकीच्या टोकाला थांबला. शोधायचं असतं ते आधार नोंदणीच्या वेळी जोडलेला पायाचा कागद कोणता, तो कुणी दिला आणि त्याच माणसाच्या सहीने आणखी किती दिले.

महाराष्ट्रातली अशीच एक फट उशिराच्या जन्मनोंदींची. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची परवानगी, आणि वर्षानंतर आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीआधी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. तहसील पातळीवर आदेश निघू लागले आणि अर्जांचा ओघ वाढला. बनावट कागदांवर उशिराचे जन्मदाखले दिल्याच्या आरोपाचं मालेगावचं प्रकरण यातूनच गाजलं. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आणून पोलीस अहवाल आणि जाहीर प्रसिद्धीची अट घातली. मूळ निर्णय मला योग्य वाटतो. पण उशिरा नोंद झाली म्हणजे दाखला खोटा, असा अर्थ काढला तर आदिवासी पाड्यांवर, भटक्या समाजांत, ऊसतोड कामगारांत लाखो अस्सल भारतीय संशयित ठरतील. कसोटी एकच: आदेशासोबत जन्मठिकाणाचा स्वतंत्र पुरावा जोडलेला आहे का. शाळेचं जनरल रजिस्टर, आरोग्य केंद्राची नोंद, भावंडांचे दाखले, यांतलं काहीच नसेल तर फाईल उघडायची.

आता जमिनीवरची ओळख. इथल्या पोलीस ठाण्यांत दहशतवादविरोधी कक्ष असतो, बोलीभाषेत ‘एटीसी’. खबऱ्याकडून माहिती येते, बांधकामाच्या साइटवर किंवा झोपडपट्टीत छापा पडतो, माणसं ठाण्यात आणली जातात. मग बोलणं ऐकलं जातं, फोन बघितला जातो. फोन हा उपयोगी पुरावा आहे. ८८० या बांगलादेशच्या कोडने सुरू होणारे नंबर, ‘इमो’ या कॉलिंग अ‍ॅपवरचे संवाद, बांगलादेशातल्या मोबाइल वॉलेटचे व्यवहार, तिकडच्या राष्ट्रीय ओळखपत्राचा फोटो. यातलं शेवटचं सापडलं तर काम जवळपास झालं. पण नुसते ८८० चे कॉल पुरेसे नाहीत. सीमेवरच्या जिल्ह्यांत नातेसंबंध दोन्हीकडे पसरलेले आहेत. १९४७ च्या रेषेने नदिया जिल्हाच कापला. आपलं मुर्शिदाबाद आणि बांगलादेशातलं राजशाही यांच्यामध्ये फक्त पद्मा नदी आहे.

बोलीवरून ओळखणं तर फारच कच्चं. कोलकात्याची बंगाली माहीत असलेल्या माणसाला मुर्शिदाबाद-मालद्याची बोली ‘बांगलादेशी’ वाटते, कारण ती पलीकडच्या राजशाहीच्या बोलीला खरोखरच जवळची आहे. महाराष्ट्रातल्या पोलिसाला तो फरक कानाने कळणं शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही चूक आहे. बोली संशयाचं कारण असू शकते, निष्कर्षाचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पडताळणीच्या पत्रात, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. संशयित म्हणतो, ‘मी मुर्शिदाबादचा.’ इथून तिथल्या पोलीस अधीक्षकांना पत्र जातं: अमुक नाव, अमुक वडील, राहणार मुर्शिदाबाद, खात्री करून कळवावे. एवढ्यावर तिथे काहीच सापडत नाही. जिल्ह्याचं आणि त्यातल्या एका शहराचं नाव एकच. तिथला पूर्ण पत्ता लिहायचा तर गाव, पाडा, डाकघर, ग्रामपंचायत, ब्लॉक, पोलीस ठाणे आणि जिल्हा एवढं लागतं. शिवाय नावं. महाराष्ट्रातल्या जबाबात ‘शेख’ लिहिलेला माणूस तिथल्या मतदार यादीत ‘एसके’ असतो, शाळेच्या दाखल्यावर ‘सेख’. बाईचं आडनाव लग्नाआधी ‘खातून’ आणि लग्नानंतर ‘बीबी’. यादीत बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. मराठीत ऐकून लिहिलेलं नाव इंग्रजीत टाइप होतं, तिथे बंगाली यादीत शोधलं जातं. तीन लिप्यांतून गेलेलं नाव जुळत नाही आणि ‘सदर इसम मिळून येत नाही’ असं उत्तर येतं. इकडे त्याचा अर्थ ‘बांगलादेशी’ असा घेतला जातो.

यावर उपाय साधा आहे. पत्र पाठवण्याआधी संशयिताला गावातल्या पाच गोष्टी विचारून लिहून घ्यायच्या: पंचायत प्रधानाचं (आपल्याकडे सरपंच) नाव, शाळेचं नाव, मतदान केंद्र कुठे असतं, रेशन दुकानदार कोण, सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं. ही उत्तरं पत्रात जोडायची. तिथल्या ठाण्याला ती फोनवर अर्ध्या तासात तपासता येतात. सोबत व्हिडिओ कॉलवर गावातल्या दोन जबाबदार माणसांकडून ओळख पटवून घ्यायची. पश्चिम बंगालच्या २००२ च्या मतदार याद्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आहेत; आई-बापाचं नाव त्यात भाग क्रमांकासह सापडलं तर १९९५ च्या मुलाची दुसरी कडी बरीच भक्कम होते. जमिनीसाठी आपल्याकडे जसा सातबारा तसा तिकडे खतियान किंवा पर्चा. मात्र मालदा-मुर्शिदाबादेत गंगेने काठ कापत नेल्याने गावंच्या गावं नदीत गेली आहेत. त्या कुटुंबांकडे जुन्या जमिनीचा कागद असूनही तो पत्ता आज अस्तित्वात नसतो.

आणखी एक गट असा, ज्याची माहिती आपल्याकडे जवळपास कुणालाच नसते. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत-बांगलादेशने एकमेकांच्या हद्दीतली छिटमहालं, म्हणजे चारी बाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेले तुकडे, अदलाबदल केली. भारताच्या हद्दीत असलेली ५१ बांगलादेशी छिटमहालं भारतात आली आणि तिथले १४ हजारांहून अधिक रहिवासी भारतीय झाले. या माणसांकडे २०१५ आधीचा रीतसर भारतीय कागद सहसा नसतो, आणि काहींकडे जुना बांगलादेशी कागद सापडू शकतो. ही छिटमहालं असलेल्या कूचबिहार जिल्ह्याचा पत्ता सांगणाऱ्या मजुराबाबत हे आधी तपासलं पाहिजे.

ओळख पटली, माणूस खरंच बांगलादेशी निघाला. पुढे दोन वाटा आहेत. पहिली न्यायालयाची: गुन्हा, अटक, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे, आरोपपत्र, शिक्षा, शिक्षा भोगून झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयामार्फत बांगलादेश उच्चायुक्तालयाकडे राष्ट्रीयत्वाची खात्री, प्रवासाचा कागद, आणि सीमा सुरक्षा दलाकडून बॉर्डर गार्ड बांगलादेशच्या ताब्यात. ही वाट अडते ती राष्ट्रीयत्वाच्या खात्रीपाशी. गृह मंत्रालयाच्या नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात खात्री आणि रवानगीला ३० दिवस दिलेले आहेत. प्रत्यक्षात शिक्षा संपूनही माणसं वर्षानुवर्षं पडून राहतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आसामच्या ६३ जणांबाबत, परदेशातला पत्ता माहीत नाही म्हणून पाठवता येत नाही, असं राज्याने सांगितलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ‘मुहूर्ताची वाट बघताय का?’ असं विचारलं होतं. दुसऱ्या बाजूला, मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की २,३६० हून अधिक नावांची खात्री बांगलादेशकडे प्रलंबित आहे, त्यातली काही २०२० पासून. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता बदलल्यावर हे काम आणखी अवघड झालं.

म्हणून दुसरी वाट वाढली. गुन्हा न नोंदवता, थेट परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्यांच्या आदेशाने सीमेवर नेऊन पलीकडे सोडायचं. आपल्याकडे याला पुशबॅक म्हणतात, तिकडे पुश-इन. मे २०२५ मध्ये गृह मंत्रालयाने राज्यांना ३० दिवसांत पडताळणी करायला सांगितलं. संशयित ज्या राज्याचं नाव सांगतो तिथून मुदतीत अहवाल आला नाही तर रवानगीची कारवाई करायची. आता वरचा ‘राहणार मुर्शिदाबाद’ वाला पत्रव्यवहार आठवा. उत्तर न येणं हाच पुरावा ठरला. शिवाय काही प्रकरणांत ३० दिवसही थांबलं गेलं नाही.

जून २०२५ मध्ये त्याचा परिणाम दिसला. महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे सोडले गेले. बंगाल पोलिसांनी त्यांचे कागद दाखवल्यावर सीमा सुरक्षा दलाला पलीकडच्या दलाशी फ्लॅग मीटिंग, म्हणजे सीमेवरची अधिकाऱ्यांची बैठक, घेऊन त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर बाईला कुटुंबासह पलीकडे पाठवलं गेलं. कोलकाता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तो आदेश रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर डिसेंबरमध्ये ती आपल्या लहान मुलासह परत आली. आपल्या देशाने आपल्याच गरोदर बाईला परक्या देशाच्या तुरुंगात पोचवलं, ही गोष्ट कडक धोरणाच्या समर्थकांनीच सगळ्यात आधी लावून धरायला हवी. कारण अशा प्रत्येक चुकीनंतर ढाक्याला म्हणता येतं की भारत पाठवतो ते बांगलादेशी नसतातच, आणि खऱ्या घुसखोरांची परत पाठवणीही अडते.

पुशबॅकची आणखी एक अडचण सुरक्षेचीच आहे. एकूण ४,०९६.७ किलोमीटर सीमेपैकी सुमारे ८६४ किलोमीटरवर कुंपण नाही, त्यातल्या १७४ किलोमीटरवर नदी-दलदलीमुळे ते घालताच येत नाही. रात्री पलीकडे सोडलेला माणूस दलालाला पुन्हा पैसे देऊन परत येऊ शकतो, आणि हाकललेले काही जण पुन्हा मुंबईत सापडल्याचं पोलिसांनीच सांगितलं आहे. त्यामुळे रवानगीआधी बोटांचे ठसे आणि चेहरा गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवणं, आणि त्याचं आधार, मतदार ओळखपत्र व पासपोर्ट बंद व्हावं म्हणून संबंधित खात्यांना कळवणं, हे रवानगीइतकंच महत्त्वाचं. घाईच्या मोहिमेत हेच राहून जाण्याचा धोका असतो, आणि मग जुन्याच आधारवर तोच माणूस पुन्हा उभा राहतो.

आता राष्ट्रीय सुरक्षा. मुंबईत हा विषय २६/११ शिवाय निघत नाही, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. हल्लेखोर दहा जण समुद्रातून आले. पण त्यांच्यासाठी ताज, ट्रायडंट, सीएसटी, छाबड हाउस यांची रेकी केली ती लष्कर-ए-तैयबासाठी काम करणाऱ्या डेव्हिड हेडलीने, आणि तो आला अमेरिकी पासपोर्टवर, अस्सल भारतीय व्हिसा घेऊन. त्याने २००६ मध्ये दाऊद गिलानी हे नाव बदललं आणि व्हिसाच्या अर्जात आपलं पाकिस्तानी मूळ लपवलं. ताडदेवमधलं त्याचं आडोशाचं कार्यालय त्याचा मित्र तहव्वूर राणा याच्या इमिग्रेशन फर्मचं होतं. राणा एप्रिल २०२५ मध्ये प्रत्यार्पित होऊन भारतात आला. हेडली हल्ल्यानंतर मार्च २००९ मध्येही येऊन गेला, पुण्यातही फिरला.

त्यातून सरकारने दोन धडे घेतले. एक बोथट: डिसेंबर २००९ मध्ये टुरिस्ट व्हिसावरच्या दोन भेटींत दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं केलं. गोव्यात हिवाळा काढून मध्येच नेपाळ-श्रीलंकेला जाणारे पर्यटक त्यात अडकले आणि २०१२ मध्ये बहुतेक देशांसाठी तो नियम मागे घेतला गेला. दुसरा उपयोगाचा: मे २०१० मध्ये मंजूर झालेली आयव्हीएफआरटी (इमिग्रेशन, व्हिसा आणि परदेशी नागरिकांची नोंदणी व माग) प्रणाली, जिने दूतावास, विमानतळ आणि नोंदणी कार्यालयं एका जाळ्यात जोडायला घेतली. परदेशी पाहुण्याची माहिती देणारा हॉटेलचा फॉर्म, लोक ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात, तो २४ तासांत ऑनलाइन भरणं त्याच जाळ्याचा भाग. सी फॉर्म हे कंटाळवाणं काम आहे, पण मला विचाराल तर सुरक्षेसाठी ते शंभर झोपड्यांवरच्या छाप्याहून जास्त मोलाचं आहे, कारण कोण कुठे राहतोय याची नोंद त्यातूनच उभी राहते. कळंगुटच्या होमस्टेपासून पुण्यातल्या सर्व्हिस अपार्टमेंटपर्यंत सगळ्यांना ते बंधनकारक आहे.

याचा अर्थ बेकायदा मजुरांचा सुरक्षेशी संबंध नाही असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सर्बानंद सोनोवाल निकालात आसाममधल्या घुसखोरीला बाह्य आक्रमण म्हटलं होतं आणि तिथल्या घुसखोरांची ओळख ठरवणारा आयएमडीटी कायदा रद्द केला होता. ओळख नसलेला माणूस कुठल्याही देशाला परवडत नाही. सरकारला परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५ च्या हान्स म्युलर प्रकरणापासून पक्कं आहे. फक्त तो अधिकार परदेशी माणसावर आहे. तो परदेशी आहे की नाही हे ठरवण्याची पायरी आधी येते, आणि अनुच्छेद १४ (समानता) व २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) तिथे प्रत्येकाला लागू आहेत. पोलिसांचं मर्यादित बळ कुठे लावायचं असं विचारलं तर क्रम असा: सीमेवरचे दलाल, पायाचे बनावट कागद देणारे, त्या कागदांवर मिळवलेले पासपोर्ट, मग कमी मजुरीसाठी जाणूनबुजून असे कामगार आणणारे मुकादम, आणि सगळ्यात शेवटी मजूर. आज क्रम बरोबर उलटा आहे, कारण मजूर पकडणं सगळ्यात सोपं.

बांगलादेशींखेरीज, बेकायदा राहणाऱ्या काही आफ्रिकी नागरिकांच्या प्रकरणांत अडचण वेगळी असते. पासपोर्ट नष्ट केलेला असतो आणि एखादा किरकोळ खटला चालू असतो. खटला संपेपर्यंत बाहेर पाठवता येत नाही. अशा वेळी बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३६० खाली खटला मागे घेऊन रवानगी करण्याचा मार्ग सरकारी वकिलांनी तपासावा. अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांत मात्र तो वापरू नये.

नव्या कायद्याबरोबर आलेल्या सवलतीच्या आदेशाचाही उल्लेख हवा. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना कागदांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट आहे. ही सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. हा गैरसमज पसरलेला आहे आणि त्यावर दलाल पैसे उकळू शकतात.

शेवटी कामाचं. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी आणि पोचपावती जपून ठेवावी. कंत्राटदाराने बंगालच्या प्रत्येक कामगाराकडून आधारच्या झेरॉक्सवर न थांबता आई-बापाच्या २००२ च्या मतदार यादीचं पान, शाळेचा दाखला किंवा खतियान यांपैकी एक, आणि गावाकडच्या दोन माणसांचे फोन नंबर घेऊन ठेवावेत. एकाच पंचायतीच्या एकाच सहीचे दाखले एकदम पंधरा-वीस आले तर शंका घ्या आणि ठाण्याला कळवा. हे देशाचं काम आहे.

माणूस उचलला गेला तर पहिले २४ तास निर्णायक. आधी विचारा: अटक आहे की चौकशी? अटक असेल तर एफआयआर क्रमांक घ्या आणि अटकेची कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिहीर शाह प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी हे आवश्यक ठरवलं आहे. बंगालीतली प्रत हवी, मराठीतली नाही. एफआयआर नसेल आणि माणूस सुटतही नसेल तर वरिष्ठ निरीक्षक आणि परकीय नागरिक नोंदणी कार्यालय दोघांना ईमेल करा: नाव, पूर्ण पत्ता, जोडलेले कागद, वेळ. ईमेल अशासाठी की वेळेची नोंद राहते आणि पुढे उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे आणण्याचा अर्ज) करताना तोच पहिला पुरावा ठरतो. त्याच वेळी गावाकडच्या नातेवाइकांना तिथल्या पोलीस ठाण्यात अस्सल कागद घेऊन पाठवा आणि ठाणेदाराला इथल्या तपास अधिकाऱ्याशी थेट फोनवर बोलायला लावा. पत्राच्या उत्तराची वाट बघू नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. माणूस सीमेकडे रवाना झाल्यावर काहीही करणं फार अवघड होतं, म्हणून त्याला दुसऱ्या शहरात हलवणार असल्याची कुणकुण लागली तर अर्ज त्याच दिवशी दाखल करा.